मेल येतात पण जात नाहीत: फॉरमॅट मारण्याआधी एवढं पाहून घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही फरक पडला असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. नागपूरजवळ वाडीला तुमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर (पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव) आहे आणि होस्टिंग, म्हणजे मेलचा सर्व्हर सांभाळणं, बाहेरच्या एका कंपनीकडे. जुनं ब्रॉडबँड काढून फायबर घेतलं आणि तेव्हापासून बुकिंगच्या टेबलावरच्या कंप्युटरवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम मेल घेतो, पण पाठवताना 'टाइम्ड आउट' म्हणून थांबतो. अकाउंट्सच्या कंप्युटरवर आउटलुकमध्ये जीमेलचं खातं आहे, ते पाठवताना सारखा पासवर्ड मागतं. बुकिंगचं तेच खातं लॅपटॉपवर आहे. लॅपटॉप घरी नेला की मेल जातात, पण त्यातले काही जीमेल वापरणाऱ्या पार्ट्यांकडून परत येतात. बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आणि ई-वे बिलं वेळेवर पोचत नाहीत, गाड्या अडतात. आणि सर्व्हिसला आलेल्या मुलाने सांगितलं की विंडोज खराब झालं आहे, दोन्ही सिस्टीम फॉरमॅट माराव्या लागतील.

सगळ्यात आधी, फॉरमॅट थांबवा. तुमचं खातं पीओपी पद्धतीने लावलेलं असेल, तर मेल सर्व्हरवरून उतरवून त्या एकाच कंप्युटरवर ठेवलेले असू शकतात. फॉरमॅट मारला की वर्षानुवर्षांच्या बिल्ट्या, पार्ट्यांशी झालेला पत्रव्यवहार, पीओडीच्या (माल पोचल्याच्या पावतीच्या) कॉप्या, सगळं गेलं. आणि इतकं गमावूनही मेल जाईलच असं नाही, कारण तुम्ही लिहिलेल्या तीन अडचणींपैकी एकाचंही मूळ मला विंडोजमध्ये दिसत नाही.

मी सीताबर्डीत बसून छोट्या ऑफिसांचे कंप्युटर आणि मेल सांभाळतो. सीए, वकील, इतवारीतले होलसेलवाले, हिंगणा एमआयडीसीतले छोटे कारखाने. 'मेल जात नाही' ही तक्रार त्यांच्याकडून जवळजवळ रोजची. तुमच्याकडे एकाच तक्रारीखाली तीन वेगळे बिघाड दडले आहेत: एक इंटरनेटच्या लाइनचा, एक लॉगिनचा आणि एक डोमेनच्या नोंदींचा. तिघांना एकच आजार समजून औषध शोधत बसलात तर प्रत्येक जण वेगळा सल्ला देईल, आणि प्रत्येकाचा सल्ला अर्धवटच लागू पडेल. म्हणून मी आधी मेल पाठवताना आत काय घडतं ते सांगतो. ते एकदा कळलं की पुढच्या वेळी तुम्हाला कोणाला विचारावंही लागणार नाही.

येणारा मेल आणि जाणारा मेल यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. मेल घेण्यासाठी तुमचा प्रोग्रॅम आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतात) किंवा पीओपी वापरतो, बहुतेक ठिकाणी पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचं नंबर दिलेलं दार, ९९३ किंवा ९९५. पाठवण्यासाठी एसएमटीपी. सर्व्हरचं नाव वेगळं असू शकतं, पोर्ट वेगळा, आणि प्रोग्रॅम पासवर्डही दोघांचा वेगवेगळा साठवतो. त्यामुळे 'मेल येतोय म्हणजे नेट ठीक आहे, पासवर्डही बरोबर आहे' हा निष्कर्ष इथे टिकत नाही. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच.

आता पाठवण्याच्या रस्त्यावर काय होतं ते पाहा. तुम्ही 'सेंड' दाबलं की प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्यात अक्षरशः बोलणं सुरू होतं. प्रोग्रॅम सर्व्हरला गाठतो आणि सर्व्हर २२० असा आकडा देऊन सांगतो की मी हजर आहे. प्रोग्रॅम 'एहलो' म्हणून ओळख देतो. मग सर्व्हर २५० ने सुरू होणाऱ्या काही ओळींत आपली माहिती देतो: एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त करून पाठवणं) चालतं का, लॉगिनच्या कुठल्या पद्धती चालतात, जास्तीत जास्त किती मोठा मेल घेतो. त्यानंतर एन्क्रिप्शन सुरू होतं आणि लॉगिन होतं. पासवर्ड पटला तर २३५, नाही पटला तर ५३५. मग प्रोग्रॅम 'कोणाकडून' सांगतो, मग 'कोणाला' सांगतो, आणि सर्व्हर दोन्ही तपासतो. सगळं मान्य झालं की सर्व्हर ३५४ म्हणतो, म्हणजे आता मजकूर द्या. प्रोग्रॅम पूर्ण मेल अटॅचमेंटसकट पाठवतो, शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब पाठवतो, आणि सर्व्हर पुन्हा २५० म्हणून मेल ताब्यात घेतो.

एवढंच. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ही पद्धत लिहून काढली आणि तिचा सांगाडा आजही तोच आहे. त्या काळी यात लॉगिनच नव्हतं, ते १९९९ साली जोडलं गेलं. एन्क्रिप्शनही नंतरचं. जुन्यावर नवं जोडत गेल्यामुळेच आज पोर्ट, सुरक्षा आणि लॉगिन यांच्या इतक्या जोड्या सेटिंगमध्ये दिसतात.

याचा फायदा असा की बोलणं कुठे तुटलं हे एररवरूनच कळतं. 'टाइम्ड आउट' किंवा 'कनेक्ट होत नाही' म्हणजे सर्व्हरशी गाठच पडली नाही, पासवर्डपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसणं पूर्ण व्यर्थ. सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची, तक्रार म्हणजे एन्क्रिप्शनच्या टप्प्यावर अडलं. ५३५ म्हणजे सर्व्हर सापडला, बोलणं झालं, फक्त लॉगिन नाकारलं. मग पोर्ट बदलण्यात अर्थ नाही. ५५० किंवा ५५३ बहुतेक वेळा पाठवणारा किंवा घेणारा पत्ता नामंजूर झाल्याचं सांगतो, ५५२ म्हणजे मेल फार मोठा किंवा डबा भरलेला. आणखी एक खूण लक्षात ठेवा: चारने सुरू होणारा आकडा तात्पुरता असतो, थोड्या वेळाने परत पाठवला तर जाऊ शकतो. पाचने सुरू होणारा पक्का नकार असतो, काहीतरी बदलल्याशिवाय तो पन्नास वेळा पाठवूनही जाणार नाही.

म्हणून माझ्याकडे कोणी फोन केला की मी पहिलं सांगतो, एररची खिडकी बंद करू नका, मोबाइलने तिचा फोटो काढा. 'काहीतरी इंग्रजीत येतंय' यावरून कोणीही निदान करू शकत नाही, मीसुद्धा नाही.

आता तुमच्या बुकिंगच्या कंप्युटरकडे येतो. इथे एक चाचणी आहे जी कुठल्याही सेटिंगला हात न लावता होते. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, कंप्युटर ऑफिसच्या नेटवरून काढून त्यावर जोडा आणि तोच मेल परत पाठवा. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा, तेही चालतं. हॉटस्पॉटवरून मेल गेला तर थंडरबर्ड, विंडोज, पासवर्ड, होस्टिंग सगळे निर्दोष, अडचण ऑफिसच्या लाइनवर. लॅपटॉप घरून मेल पाठवतो हे तुम्ही लिहिलंच आहे, त्यामुळे उत्तर हेच येईल असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. तरी करून पाहा, कारण लॅपटॉपची सेटिंग वेगळी असू शकते.

लाइन बदलल्यावर मेल जाणं थांबलं की मी आधी पोर्ट पाहतो. थंडरबर्डमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर जा, 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. डाव्या यादीत अगदी खाली 'आउटगोइंग सर्व्हर' दिसेल. त्यात तुमचा सर्व्हर निवडून 'एडिट' दाबा. पोर्टच्या जागी २५ लिहिलेलं असेल तर चोर सापडला असं समजा. पोर्ट २५ हा मुळात एका मेल सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्यासाठी आहे. व्हायरस लागलेले कंप्युटर याच पोर्टवरून स्पॅमचा मारा करतात, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी तो बाहेर जाताना बंद ठेवतात. तुमच्या जुन्या कंपनीने तो उघडा ठेवला असेल, नव्या कंपनीने बंद केला असेल. यात कोणाची चूक नाही. तुमच्यासारख्यांनी मेल सुपूर्द करण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट १९९८ सालीच ठरवलेला आहे. पण होस्टिंगवाल्यांनी वर्षांपूर्वी दिलेल्या कागदावर २५ लिहिलेलं असतं आणि तो कागद पुढे पुढे चालत राहतो.

पोर्ट बदलताना मात्र त्याच्या खालचा रकाना सोबतच बदला. 'कनेक्शन सिक्युरिटी' म्हणून जो पर्याय आहे त्याची आणि पोर्टची जोडी ठरलेली आहे. ५८७ बरोबर 'स्टार्टटीएलएस', ४६५ बरोबर 'एसएसएल/टीएलएस'. दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत, तुमचा होस्ट ज्या देतो त्यातली कुठलीही घ्या. फरक एवढाच की ५८७ वर आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग ते एन्क्रिप्ट केलं जातं, तर ४६५ वर पहिल्या अक्षरापासून सगळं एन्क्रिप्टेडच असतं.

या जोडीवर मी जोर का देतो ते सांगतो. समजा तुम्ही ४६५ लिहिलं आणि खाली चुकून स्टार्टटीएलएस ठेवलं. थंडरबर्ड आता सर्व्हरच्या साध्या २२० ची वाट पाहत थांबतो. सर्व्हर मात्र एन्क्रिप्शनची पहिली हाक समोरून यावी म्हणून थांबलेला असतो. दोघंही गप्प. थोड्या वेळाने थंडरबर्ड कंटाळून 'टाइम्ड आउट' म्हणतो. म्हणजे एरर अगदी तीच, जी बंद पोर्टची असते, आणि माणूस समजतो की हाही पोर्ट बंद आहे. लाइन चांगली असताना इंटरनेट कंपनीशी भांडणं होतात ती यावरून. त्यामुळे तुम्ही याआधी पोर्ट बदलून पाहिला असेल आणि फरक पडला नसेल, तर ही जोडी परत तपासा.

त्याच खिडकीत आणखी दोन गोष्टी. 'ऑथेंटिकेशन मेथड' मध्ये 'नॉर्मल पासवर्ड' ठेवा. वर एन्क्रिप्शन चालू असताना यात धोका नाही, नाव ऐकून घाबरू नका. 'नो ऑथेंटिकेशन' असेल तर सर्व्हर तुम्हाला परका समजतो आणि 'रिलेइंग डिनाइड' असं सांगून बाहेरच्या पत्त्यावरचे मेल नाकारतो. आणि 'युजर नेम' मध्ये पूर्ण मेल पत्ता लिहा, बहुतेक होस्टिंगला तोच लागतो.

आता एक शक्यता, जी तुमच्या बाबतीत मला विचारात घ्यावीशी वाटते. ऑफिसातल्या एखाद्या जुन्या कंप्युटरवर किंवा कोणाच्या मोबाइलमध्ये हेच खातं जुन्या पासवर्डने लावलेलं आहे का? तसं असेल तर ते यंत्र दर थोड्या मिनिटांनी चुकीच्या पासवर्डने सर्व्हरला विचारत राहतं. होस्टिंगच्या सर्व्हरवर बसवलेला फायरवॉल त्याला हल्ला समजतो आणि तो सगळा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या लाइनचा इंटरनेटवरचा नंबर, काही काळ बंद करतो. तुमच्या ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच, त्यामुळे एका माणसाच्या मोबाइलपायी सगळ्यांचं अडतं. याची खूण सोपी आहे: अशा वेळी जाणंही बंद होतं आणि येणंही, बऱ्याचदा कंपनीची वेबसाइटसुद्धा ऑफिसातून उघडत नाही, मोबाइल डेटावर मात्र सगळं चालतं. तुमच्याकडे मेल येतात, म्हणून सध्या हे कारण नसावं. पण पुढे कधी दोन्ही बाजू एकदम बंद पडल्या तर होस्टिंगवाल्यांना तुमचा आयपी कळवा आणि ब्लॉक काढायला सांगा. सोबत ते जुनं यंत्रही शोधा, नाहीतर संध्याकाळी पुन्हा तेच.

थंडरबर्डमध्ये दोन-तीन खाती असतील तर अजून एक जागा पाहा. प्रत्येक खात्याच्या मुख्य पानावर खाली 'आउटगोइंग सर्व्हर' निवडायचा रकाना असतो. एक खातं काढून दुसरं लावलं की बुकिंगचा मेल भलत्याच सर्व्हरवरून जाऊ लागतो. काही सर्व्हर तो ५५३ देऊन नाकारतात, कारण लॉगिन एका पत्त्याचं आणि पाठवणारा पत्ता दुसरा. काही सर्व्हर नाकारत नाहीत, मेल जाऊ देतात, आणि तो समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण तुम्हाला काही कळतच नाही.

अकाउंट्सच्या कंप्युटरचं दुखणं वेगळं आहे. तिथे लाइन ठीक आहे, लॉगिन नाकारलं जातंय. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड आउटलुकमध्ये टाकून मेल पाठवणं ही सोय गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. आता दोनच रस्ते आहेत. प्रोग्रॅम नवा असेल तर लॉगिनसाठी गुगलचं स्वतःचं पान उघडतं, तिथे एकदा परवानगी दिली की झालं. थंडरबर्डमध्ये यासाठी 'ओऑथ२' निवडायचं, आणि थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज चालू ठेवायच्या, नाहीतर ते पान पुढे सरकत नाही. प्रोग्रॅम जुना असेल, म्हणजे आउटलुक २०१० किंवा २०१३ सारखा, तर ॲप पासवर्ड काढावा लागतो. गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केल्यावरच हा पर्याय मिळतो. गुगल सोळा अक्षरांचा पासवर्ड देतं, तो एकदाच दिसतो, आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकायचा.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला तुमच्या वर्णनात दिसतो. 'आधी चालत होतं, अचानक पासवर्ड मागायला लागलं' असं तुम्ही लिहिलं आहे. गुगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. तर अकाउंट्सच्या ताईंना विचारा, मोबाइलवरून कधी पासवर्ड बदलला होता का. बदलला असेल तर नवा ॲप पासवर्ड काढा, एवढंच काम आहे. टॅलीमधून थेट बिलं मेल करत असाल किंवा स्कॅनरवरून मेल जात असेल तर तिथेही हाच नवा पासवर्ड टाकावा लागेल. बहुतेकांच्या डोक्यातून टॅली सुटतं आणि महिन्याअखेरीला बिलं पाठवताना पुन्हा धावपळ होते.

आउटलुकच्या सेटिंगमध्ये 'मोअर सेटिंग्ज' मधला 'आउटगोइंग सर्व्हर' टॅब उघडून आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं या अर्थाची जी खूण आहे ती केलेली आहे का पाहा. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये पोर्ट आणि एन्क्रिप्शनची वर सांगितलेली जोडी. ऑफिसात कोणाचं हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमचं वैयक्तिक खातं असेल तर त्याला साधा पासवर्ड १६ सप्टेंबर २०२४ पासून चालत नाही, तिथे नव्या पद्धतीचं लॉगिन येणाराच प्रोग्रॅम लागतो.

कंपनीच्या डोमेनवरच्या खात्याचा पासवर्ड तुम्ही कधी वेबमेलवरून बदललात तर थंडरबर्डमध्येही असंच होतं. तो मेल घेताना नवा पासवर्ड विचारतो, तुम्ही टाकता, मेल येऊ लागतात. पाठवण्याच्या बाजूला जुनाच साठलेला राहतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'सेव्ह्ड पासवर्ड्स' उघडा. एकाच खात्याच्या दोन ओळी दिसतील, एक आयमॅपने सुरू होणारी, एक एसएमटीपीने. एसएमटीपीची ओळ काढून टाका आणि मेल पाठवा, थंडरबर्ड नव्याने विचारेल.

तिसरी अडचण, परत येणारे मेल. हे मेल तुमच्या प्रोग्रॅममधून नीट गेले, तुमच्या सर्व्हरने घेतले, आणि पुढे गुगलच्या सर्व्हरने नाकारले. म्हणजे थंडरबर्डमधलं काहीही बदलून हे सुटणार नाही. परत आलेल्या मेलमध्ये खाली इंग्रजीत कारण असतं. तिथे ५५० आणि सोबत ५.७.२६ असा आकडा असेल तर अर्थ असा की हा मेल खरंच तुमच्या डोमेनने पाठवला याची गुगलला खात्री पटली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यापैकी एक तरी पुरावा मागतं. एसपीएफ ही तुमच्या डोमेनच्या डीएनएसमधली (डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदींमधली) एक ओळ असते, तिच्यात लिहिलेलं असतं की आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरने केलेली डिजिटल सही.

होस्टिंग कधी बदललंत का, किंवा वेबसाइट एकीकडे आणि मेल दुसरीकडे असं आहे का? बहुतेक वेळा जुन्या होस्टचं नाव एसपीएफमध्ये राहून जातं. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे दोन एसपीएफ ओळी. नव्या होस्टने आपली ओळ टाकली, जुनी कोणी काढली नाही. नियमाने एका डोमेनला एकच एसपीएफ ओळ हवी, दोन असल्या की तपासणीच फसते आणि दोन्ही निकामी होतात. हे काम तुमच्या डोमेनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच होईल. वेबसाइट बनवणाऱ्याकडे तो पासवर्ड असतो आणि तो माणूस पुण्याला निघून गेलेला असतो, हे मी फार पाहिलं आहे. तर आजच शोध घ्या की डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या मेलवर नोंदलेलं आहे. मेलच्या अडचणीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

स्कॅन केलेल्या बिल्ट्यांबद्दलही बोलतो, कारण ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ही भानगड हमखास असते. मेलमध्ये अटॅचमेंट जशीच्या तशी जात नाही. ती अक्षरांत बदलून पाठवली जाते, दर तीन बाइटचे चार होतात, त्यामुळे फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. सर्व्हरची मर्यादा २० एमबी असेल तर १६ एमबीची पीडीएफ अडकते, आणि माणूस म्हणतो की फाइल तर लहान आहे. बिल्टी ६०० डीपीआय रंगीत स्कॅन करायची गरजच नाही. २०० डीपीआय, ग्रेस्केल. शिक्का आणि सही व्यवस्थित वाचता येतात, फाइल अगदी हलकी होते. रेट बदलले की सगळ्या पार्ट्यांना एकदम मेल टाकत असाल तर मोफत जीमेलला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे हेही लक्षात असू द्या. होस्टिंगच्या खात्यांना बहुधा तासाची मर्यादा असते, ती प्रत्येकाची वेगळी, विचारून घ्या.

आणि एक गोष्ट, जी एररसारखी दिसते पण पाठवण्याची एरर नसते. मेल पाठवल्यावर थंडरबर्ड कधी म्हणतो की मेल गेला, पण त्याची प्रत 'सेंट' मध्ये ठेवता आली नाही. मेल एसएमटीपीने जातो, प्रत आयमॅपने ठेवली जाते, ही दोन वेगळी कामं आहेत. प्रत ठेवताना सर्व्हरवरचा डबा भरलेला असला किंवा लाइन क्षणभर तुटली की हा संदेश येतो. माणूस घाईत तो वाचत नाही, पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो. पार्टीकडे एकाच बिलाच्या तीन कॉप्या जातात आणि मग फोनवर खुलासे करत बसावं लागतं. तो संदेश आला तर आधी पार्टीला विचारा, मग ठरवा.

बाकीची कारणं तुमच्या वर्णनाशी जुळत नाहीत, म्हणून थोडक्यात. सर्टिफिकेटची तक्रार येऊ लागली तर कंप्युटरची तारीख पाहा. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेला सर्टिफिकेट वैध ठरत नाही. उन्हाळ्यात लाइट जायला लागली की अशा तक्रारी माझ्याकडे वाढतात. सीआर २०३२ नंबरचा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. अँटिव्हायरसचा मेल तपासणारा भाग कधीकधी मध्ये शिरून एन्क्रिप्शन बिघडवतो, तो पाच मिनिटं बंद करून एक मेल पाठवून पाहा आणि परत चालू करा. विंडोज ७ असेल तर त्यावर जुनं आउटलुक टीएलएस १.२ ही एन्क्रिप्शनची पद्धत आपणहून वापरत नाही आणि आजचे सर्व्हर त्याखालचं काही घेत नाहीत. थंडरबर्डचीही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ११५ आहे. अशा यंत्रावर किती वेळ घालवायचा हे तुमच्या खिशावर अवलंबून आहे, पण मेलसाठी ते यंत्र आता निवृत्त करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तर तुमच्यापुरता क्रम असा. बुकिंगच्या कंप्युटरवर हॉटस्पॉटची चाचणी, मग पोर्ट २५ काढून ५८७ आणि स्टार्टटीएलएस. अकाउंट्सकडे नवा ॲप पासवर्ड. परत येणाऱ्या मेलसाठी होस्टिंगवाल्यांकडे एसपीएफची चौकशी. एका वेळी एकच गोष्ट बदला, एक मेल पाठवून पाहा, मग पुढची. बदलण्याआधी जुन्या सेटिंगच्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. चाचणीचे मेल स्वतःच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवू नका, बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर पाठवा. घरातल्या घरात मेल जातो तेव्हा बऱ्याच अडचणी दिसतच नाहीत.

मेल तातडीने पाठवायचे असतील तर तोवर ब्राउझरमधून वेबमेल वापरा, तिथे तुमच्या पोर्टचा आणि आउटलुकचा संबंधच येत नाही. आणि सवड काढून थंडरबर्डचा बॅकअप घ्याच. 'हेल्प' मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की 'प्रोफाइल फोल्डर' समोर तो फोल्डर उघडायचं बटण आहे. थंडरबर्ड बंद करून तो पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. आउटलुकमध्ये पीओपी खातं असेल तर मेल साठवलेली पीएसटी फाइल तशीच कॉपी करा.

हे सगळं करूनही अडलं तर परत लिहा आणि सोबत एवढं द्या: एररचा पूर्ण मजकूर आकड्यांसकट, हॉटस्पॉटवर काय झालं, पोर्ट आणि सिक्युरिटीच्या रकान्यात आत्ता काय आहे, विंडोज आणि प्रोग्रॅमची आवृत्ती, आणि परत आलेल्या एका मेलचा खालचा भाग. पार्ट्यांचे पत्ते झाकून टाका. पासवर्ड कोणालाही लिहून देऊ नका, मलाही नाही, त्याची गरज पडत नाही.